शीव कुणाची?

सीमाप्रश्नावर लिहितोय म्हटल्यावर हिंदमाताच्या पुलाखाली चहा पिता पिता माझा एक दोस्त म्हणाला, "तुझा काय संबंध रे? तू ना बेळगावचा, ना आमदार." दोस्त कवी आहे आणि युनियनवालाही आहे, त्यामुळं प्रश्न विचारून थांबत नाही, उत्तरही स्वतःच देतो. त्याचं उत्तर असं, की दिल्ली सगळं गिळत चाललीय, राज्यांच्या हातात काही उरलं नाही, तेव्हा निदान शिवेवरचा दंडुका तरी राज्याच्याच हातात पाहिजे.

संबंध आहे. माझी आजी, म्हणजे आईची आई, निपाणीच्या पलीकडं एका खेड्यातल्या बौद्धवाड्यात राहते. १ नोव्हेंबर १९५६ ला ती दहा वर्षांची पोर होती. रात्री मुंबई राज्यात झोपली आणि सकाळी म्हैसूर राज्यात उठली. १९७३ साली त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. आजी जागची हलली नाही. आयुष्यभर निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत खोकत राहिली. राज्यं तिच्या अंगावरनं गेली.

तर प्रश्न असा आहे: माणसाला शिवेवर अडवायचा हक्क कुणाचा? आणि ती शीव ओढायचा हक्क कुणाचा? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पण सगळे पुढारी ते एकच असल्यासारखे बोलतात. मीही बोलायचो.

मी नववीत शाळा सोडली. संविधान सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवरनं विकत घेतलं आणि पाळी सुटल्यावर वाचलं. जे कळलं ते मांडतो, चुकलं तर कान धरा.

कलम ३ सांगतं की नवं राज्य करणं, राज्याची सीमा बदलणं, नाव बदलणं हे पार्लमेंटचं काम. त्याआधी राष्ट्रपतींनी त्या राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवायचं. मागवायचं; मानलंच पाहिजे असं नाही. हे आपल्या मुंबईवरच ठरलंय. १९५६ ला आधी तीन तुकड्यांचा बेत होता: महाराष्ट्र, गुजरात, आणि दिल्लीच्या ताब्यातली मुंबई. विधिमंडळानं त्यावर मत दिलं. मग पार्लमेंटनं फिरवाफिरव करून सगळ्यांचं मिळून एक द्वैभाषिक राज्य केलं. बाबूलाल पराते कोर्टात गेले, की या नव्या बेतावर आम्हाला कुणी विचारलंच नाही. १९५९ साली सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की परत विचारायची गरज नव्हती.

जिथं अख्ख्या राज्याला विचारणं हा नुसता उपचार, तिथं आजीच्या वाड्याला कोण विचारतो?

पुढचं सगळ्यांना पाठ आहे, पटकन उरकतो. बेळगाव जिल्हा चंदगड तालुका वगळून तिकडं गेला. १९६६ साली सेनापती बापट उपोषणाला बसले, महाजन कमिशन नेमलं गेलं. १९६७ च्या अहवालात त्यानं २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं म्हैसूरला सांगितली, बेळगाव शहर तिकडंच ठेवलं. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला. १९८६ च्या जूनमध्ये कानडीच्या सक्तीविरुद्ध बेळगाव भागात आंदोलन झालं, गोळीबार झाला, माणसं मेली. २००४ साली महाराष्ट्रानं केंद्र आणि कर्नाटक दोघांवर सुप्रीम कोर्टात दावा लावला. कर्नाटकचं म्हणणं, सीमा हा पार्लमेंटचा विषय, कोर्टाला त्यात बोलायचा अधिकार नाही. वीस वर्षं उलटून गेली. २७ डिसेंबर २०२२ ला महाराष्ट्राच्या विधिमंडळानं ठराव केला, ८६५ गावं आमची.

आठशे पासष्ट गावं. प्रत्येक गावाचं एक गाव असतं आणि एक वाडा असतो. ठरावात वाडे वेगळे मोजत नाहीत.

आता माझी गोष्ट. मी एका गिरणीत बदलीवर होतो. मार्च २०२० ला गिरणी थांबली ती थांबलीच. हल्ली भिवंडीत लूमवर असतो, बारा तासांची पाळी, रविवारी चाळीत येतो. त्या वर्षी मे महिन्यात आजी आजारी पडली. एकटी बाई. केईएममध्ये लिहून दिलेल्या तिच्या बीपीच्या गोळ्या संपलेल्या. आई रात्रभर दाराशी बसून राहायची, जणू दारातनं निपाणी दिसते. महाराष्ट्राचा ई-पास काढला, तिकडच्या सेवासिंधूवर अर्ज केला, चाळीतल्या गाववाल्यांनी मिळून गाडी केली. आणि १८ मेला कर्नाटकनं जाहीर केलं, की महाराष्ट्र, गुजरात, केरळ आणि तमिळनाडूतल्या माणसांना ३१ तारखेपर्यंत प्रवेश नाही.

तरी निघालो. आईपुढं कोण बोलणार. हायवेवरच्या नाक्यावरनं परत फिरवलं. ड्रायव्हर म्हणाला, आतली वाट आहे. त्या वाटेवर एरवी डांबराचा रंग बदलला की राज्य बदललं एवढंच कळायचं. आता तिथं मुरमाचा ढीग होता आणि ढिगावर बाभळीचे काटे. हा ढीग दिल्लीनं टाकला नव्हता, मुंबईनं नाही, बंगळूरनंही नाही. दोन्हीकडच्या गावांनी टाकला होता.

ढिगाच्या अलीकडं चार पोरं काठ्या घेऊन उभी. ग्राम दक्षता समिती. "मुंबैवालं! मागं व्हा!" म्हणून ओरडली. त्यातल्या एकाच्या मोबाईलच्या कव्हरवर बाबासाहेबांचा फोटो. मी लांबूनच जय भीम घातला. त्यानंही घातला, मग इकडंतिकडं बघितलं. माझ्याहून लहान, विशीच्या आतला असेल. मी म्हटलं, भावा, म्हातारी पलीकडं आहे, गोळ्या तरी देऊ दे. तो म्हणाला, "दादा, मला हितं हुभा केलाय. मी सोडलं तर मलाच गावात ठेवायचं न्हाईत."

आई खालीच बसली, रस्त्यावर. पलीकडं आजीला शेजारणीनं आणलं होतं, पदर तोंडाला लावून ती उभी. चाळीस पावलांचं अंतर असेल. दोघी एकमेकींशी मोबाईलवर बोलत होत्या.

त्या पोरानं मग काठी खाली ठेवली, आईच्या हातातली पिशवी घेतली आणि काट्यांवरनं चढून पलीकडं देऊन आला. काहीच बोलला नाही. आम्ही गाडी वळवली.

दोन दिवसांनी कळलं, त्याला चौदा दिवस शाळेच्या खोलीत ठेवलं. मुंबईवाल्यांच्या पिशवीला हात लावला म्हणून. बाकीच्या तिघांनी आमच्या ड्रायव्हरकडनं तंबाखू मागून, तिथंच मळून खाल्ली होती. ते तिघं आपापल्या घरी.

हे मला पाच वर्षं टोचतंय. पिशवीनं रोग लागतो आणि तंबाखूनं लागत नाही, हे कुठल्या डॉक्टरनं सांगितलं?

गावगाड्यात शिवेचा जाणकार कोण होता, आठवा. महार. दोन गावांत शिवेचं भांडण लागलं की महाराची साक्ष निघायची. तो चालेल ती शीव मानायचे. कुठल्या चिंचेपासनं कुठल्या ओढ्यापर्यंत, कुठला धोंडा खरा आणि कुठला रात्रीत सरकवलेला, त्याला ठाऊक. कारण रात्रीची गस्त त्याची, वेशीवरचा पहारा त्याचा, परका माणूस आला की पाटलाला वर्दी त्याची. येसकर म्हणायचे त्याला. जो वेस राखायचा तो वेशीच्या आत राहायचा नाही. सगळ्या गावाची हद्द तोंडपाठ असणाऱ्या माणसाला त्या हद्दीत घर नव्हतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं, कारण वतन म्हणजे मान नाही, वेठ आहे, हे त्यांना दिसत होतं. वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. आणि २०२० साली मी ढिगाजवळ पाहिलं तर येसकर परत उभा. काठी गावाची, हात वाड्याचा, आणि शिक्षाही वाड्यालाच.

परत आल्यावर संविधानाची सातवी अनुसूची काढली. केंद्राच्या यादीत ८१ वी नोंद आहे: आंतरराज्य स्थलांतर, आंतरराज्य विलगीकरण. म्हणजे एका राज्यातनं दुसऱ्यात जाणारा माणूस आणि रोगाच्या भीतीनं त्याला वेगळं ठेवणं, हा विषय सरळसरळ दिल्लीचा. राष्ट्रीय हायवेही दिल्लीचे, २३ वी नोंद. पण राज्याच्या यादीत पहिलीच नोंद सार्वजनिक सुव्यवस्था, दुसरी पोलीस, सहावी आरोग्य. रस्ता दिल्लीचा आणि रस्त्यावर उभा असलेला शिपाई राज्याचा. गावाच्या नावानं असलं काही कुठंच नाही. मी दोनदा शोधलं.

असलंच भांडण कर्नाटक आणि केरळात त्याच वर्षी झालं. कर्नाटकनं केरळकडचे रस्ते माती टाकून बंद केले. कासरगोडचे रुग्ण मंगळूरच्या दवाखान्यांत जायचे, ते अडकले. १ एप्रिल २०२० ला केरळ हायकोर्टानं केंद्राला हुकूम दिला, हायवे तुमचे आहेत, अडथळे काढा. वाचून वाटलं, बघा, दिल्लीचा अधिकार होता म्हणून कोर्टाला कुणाला तरी धरता आलं. पण त्याच्या तीनच दिवस आधी, २९ मार्चला, दिल्लीनंच सगळ्या राज्यांना सांगितलं होतं की सीमा बंद करा, मजुरांना जागच्या जागी थोपवा. मजूर कसा थांबणार? पोट थांबतं का? ८ मेला करमाडजवळ रूळ धरून घरी निघालेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्यातल्या कारखान्यातले, मध्य प्रदेशातले. रुळावर त्यांच्या भाकऱ्या पडलेल्या सगळ्या देशानं टीव्हीवर बघितल्या. त्यांना कुठल्या यादीतल्या कुठल्या नोंदीनं मारलं?

दोस्ताचं म्हणणं मी हलकं घेत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात केंद्रानं बीएसएफची हद्द पंजाब, बंगाल आणि आसामात सीमेपासून पंधरा किलोमीटरची पन्नास केली. पन्नास किलोमीटर आत म्हणजे गावंच्या गावं. पंजाब आणि बंगालच्या विधानसभांनी विरोधाचे ठराव केले, पंजाब कोर्टात गेला. दोस्त म्हणतो, उद्या तुझ्या खोलीची झडती घ्यायला दिल्लीचा शिपाई येईल आणि तू परळच्या आमदाराकडं जाऊन काय करशील? बरोबर आहे. पण उलटंही बघायला पाहिजे. अमेरिकेत टेक्सास राज्यानं मेक्सिकोच्या सीमेवरच्या नदीत स्वतःच्या हिकमतीवर तरंगते अडथळे टाकले, काठाला काटेरी तारा लावल्या. तिथलं केंद्र सरकार म्हणालं, सीमा आमचा विषय. २०२४ च्या जानेवारीत तिथल्या सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी केंद्राच्या माणसांना त्या तारा कापायला मोकळीक दिली. एका मतानं! नदीत बुडणाऱ्याला या मोजणीचं काय?

आपल्याकडं ६ डिसेंबर २०२२ ला महाराष्ट्राचे दोन मंत्री बेळगावला जाणार होते. तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी बंदीचा हुकूम काढला, मंत्री गेले नाहीत. त्या दिवशी मी शिवाजी पार्कवर रांगेत होतो. बातमी आली की बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरच्या ट्रकांवर दगडफेक झाली. रांगेतली एक बाई म्हणाली, "मंत्री घरी आणि डायवर रस्त्यावर." ती विदर्भातनं आली होती, तिला बेळगाव कुठं हेही माहीत नव्हतं. १४ डिसेंबरला दिल्लीत गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवलं, तेव्हा जरा निवलं. संविधानाचं १९ वं कलम तर म्हणतं की नागरिकानं देशभर कुठंही फिरावं. त्यात मंत्री आला, ड्रायव्हर आला, माझी आईही आली.

मग दिल्लीचा हात बरा की राज्याचा?

बाबासाहेबांना जवळच्या हाताची भीती वाटायची. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी खेड्याचं गुणगान करणाऱ्यांना झोडपून काढलं. मसुद्यानं खेडं सोडून माणूस हा पाया धरला याचं त्यांना समाधान होतं. १९५५ साली भाषिक राज्यांवर लिहिताना त्यांना दिसत होतं की एका भाषेचं राज्य म्हणजे त्यातल्या एका मोठ्या जातीचं राज्य होऊ शकतं. म्हणून त्यांनी महाराष्ट्राचे तुकडे सुचवले, मुंबई वेगळी ठेवायला सांगितली. आणि तरी पुढच्याच वर्षी फेडरेशनची आपली माणसं संयुक्त महाराष्ट्र समितीत उतरली, जीव लावून लढली. हे विसंगत आहे असं काही शहाणे लोक म्हणतात. मला नाही वाटत. ज्याला दोन्हीकडनं मार बसतो तो दोन्हीकडचा हिशेब ठेवतो.

मार कसा बसतो ते आजोबा सांगायचे, वडिलांचे वडील. तेही गिरणीत होते. फेब्रुवारी १९६९ मध्ये सीमाप्रश्नावरून मुंबई पेटली, दादर, परळ, लालबाग सगळीकडं. पन्नासावर माणसं मेली. आमच्या नाक्यावर एक उडप्याचं हॉटेल होतं. आजोबा गावाकडनं नवे आले तेव्हा त्या हॉटेलात त्यांना पहिल्यांदा कुणी जात न विचारता काचेच्या ग्लासात चहा दिला होता. गावात करवंटीत मिळायचा, तोही वरून ओतलेला. ते हॉटेल त्या आठवड्यात जळलं. जाळणारी पोरं चाळीतलीच होती, काही तर आजोबांच्या खात्यातली. आजोबा म्हणायचे, मी मराठी की माणूस, हे मला त्या दिवशी कुणी विचारलं नाही. बेळगाव मिळालं नाही ते नाहीच, चहाची जागा मात्र गेली.

म्हणून मला जे वाटतं ते असं. माणसाला अडवायचा हक्क जितका वर नेता येईल तितका न्यावा. तो लेखी असावा, त्याला तारीख असावी, आणि ज्याला अडवलं त्यानं जाब विचारायला कोर्टाचं दार असावं. दिल्ली चांगली म्हणून नव्हे. २९ मार्चची दिल्ली मी विसरलेलो नाही. पण दिल्लीच्या हुकुमावर सही असते, सही करणाऱ्याला कोर्टात ओढता येतं. मुरमाच्या ढिगावर कुणाची सही? त्या पोराला शाळेत कोंडला त्याचा कागद कुठं आहे?

आणि शीव ओढायचा हक्क? तो जितका खाली नेता येईल तितका न्यावा. दोस्तानं इथं मला पकडलं. म्हणाला, खाली म्हणजे गावाला विचारणार ना? गाव म्हणजे पाटील. ग्रामसभेत हात कोण वर करतो आणि कुणाकडं बघून करतो हे तुला सांगायला पाहिजे? पकडला ते बरोबर पकडला. पाण्यावाचून वैतागलेल्या जत तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांनी कर्नाटकात जायची भाषा केली आणि २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी त्यावरच बोट ठेवलं. त्या गावांत पाणी आधी कुठल्या आळीला येतं, शेवटी कुठल्या, हे कुणी विचारलं? तेव्हा हात वर करून नाही, पेटीत चिठ्ठी टाकून. गावाचं मत असं नकोच, माणसाचं मत पाहिजे. एका बाईचं एक.

हे होणार नाही हे मला माहीत आहे. कलम ३ तिथंच आहे, दावा कोर्टात आहे, आणि दोन्ही राज्यांना ८६५ गावांपेक्षा ८६५ गावांचं भांडण जास्त उपयोगी पडतं. ही शेवटची ओळ दोस्ताची आहे, मी उसनी घेतलीय.

गेल्या दिवाळीत आजीकडं गेलो होतो. आता ढीग नाही, काटे नाहीत, रस्ता रुंद झालाय. आजी कर्नाटकाच्या एसटीतनं निपाणीला फुकट जाते. २०२३ पासून तिकडं बायकांना साध्या बसचं तिकीट नाही. कोल्हापूरला यायचं तर तिला पैसे पडतात. घरात बोलणं मराठी, रेशनची पावती कानडी, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. मी तिला सगळं समजावून सांगितलं, कलम ३, महाजन, पेटी, चिठ्ठी. ती मिश्री लावत ऐकत होती. मग मी विचारलं, आजी, समज उद्या खरंच पेटी आली वाड्यात. तू कुणीकडं टाकशील, महाराष्ट्र का कर्नाटक?

आजीनं चूळ भरली, दारातनं बाहेर थुंकली आणि म्हणाली, "तुला सांगितल्यावर मग ती चिठ्ठी गुपित कशी राहील रं?"